जिथं आपलं कुणी नाही

आमचे लखनौचे घरमालक कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी ती ठोकून बघायचे. त्यासाठी त्यांच्या खिशात कायम एक छोटी हातोडी असायची. इंदिरा नगरमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला बघायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी आम्हाला नाव-गाव काही विचारलं नाही. मराठी बोलतोय एवढं कळलं आणि "मग मजला तुमचाच," म्हणाले. पण सामान आलं त्या दिवशी मात्र आमचं कपाट, पलंग, जेवणाचं टेबल सगळं एकेक करून ठोकलं. टेबलापाशी थांबले, कान लावला आणि म्हणाले, "याचा एक पाय दगा देणार." तीन महिन्यांनी ते टेबल आमटीच्या पातेल्यासकट खाली बसलं. त्यानंतर मी त्या हातोडीला जरा वचकूनच राहिले.

या घरमालकांची, म्हणजे आमच्या काकांची, उभी हयात रेल्वेच्या पुलांवर गेली होती. पुलाच्या लोखंडी पट्ट्या जोडणारा रिव्हेट हातोडीनं ठोकायचा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बसका आला तर समजायचं की ढिला आहे. नोकरी संपली, पूल सुटले, पण सवय कुठली सुटायला? निशातगंजच्या बाजारात ते कलिंगडवाल्याला म्हणायचे, "भैया, ज़रा इन्हें इधर दीजिए, इनकी तबीयत देख लें." सगळ्या लखनौशी त्यांचं हे असं 'आप-जनाब' चालायचं. रिक्षावाला, दूधवाला, गल्लीतला कुत्रा, सगळ्यांना आप. घरात शिरले की कराडची मराठी सुरू व्हायची. "अगं, कुठं हायस?" म्हणून ओरडायचे आणि काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "असणार कुठं?"

रिकामं बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. रविवारी दुपारी सगळी कॉलनी झोपलेली असताना हा सत्तरीचा माणूस पाण्याच्या टाकीत उतरलेला असायचा. घरभर त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. नळावर 'डावीकडे अर्धा फेरा, जास्त नाही.' जिन्यावर 'सातवी पायरी उंच.' फ्रिजवर 'उघडण्यापूर्वी काय हवे ते ठरवा.' माझी दहा वर्षांची मुलगी घरात मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. पण मराठी वाचायला ती शिकली ती याच चिठ्ठ्यांवर. शाळेत एकदा बाईंनी तिला मराठीतलं एखादं वाक्य म्हणायला सांगितलं, तर तिनं फ्रिजचं म्हणून दाखवलं.

काकांची काही ठाम मतं होती. त्यातलं सगळ्यात ठाम म्हणजे हॉटेलात राहू नये. "हॉटेल म्हणजे ज्याला कुणी नाही त्याची जागा," ते म्हणायचे. रेल्वेचे पास मिळायचे, आणि पास वाया घालवणं म्हणजे पाप. मग दर सुट्टीला ट्रंका बांधायच्या आणि निघायचं. कुणाची मुंज, कुणाचं बारसं, कुणाचं काही नसलं तरी चुलतभावाकडे आठ दिवस. एवढ्या वर्षांत दोघांनी निम्मा देश पाहिला, आणि प्रत्येक गावात उतरले ते नातेवाइकाच्याच दारात. काका हे मोठ्या अभिमानानं सांगायचे. एक दमडीचं बाहेरचं खाल्लं नाही, हेही सांगायचे. काकू ते ऐकत असायच्या आणि ऐकता ऐकता पोळ्या लाटत असायच्या.

थंडीतली गोष्ट आहे. आम्ही दोघी गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो होतो. लखनौच्या थंडीत मटार पाच-पाच किलोनं घ्यायचा आणि सोलत बसायचं, हा तिथला नेमच आहे. मी म्हटलं, "काकू, तुम्ही किती फिरलात! मला हेवा वाटतो."

काकूंनी एक शेंग मोडली. म्हणाल्या, "फिरले गं. जिथं पोचले तिथं जाऊबाई नाहीतर नणंद दारात उभी. 'आलीस? बरं झालं बाई, आता चार दिवस तुझ्या हातचं जेवू.' ट्रंक ठेवली की पदर खोचायचा. जबलपूरला गेले तेव्हा सगळे नर्मदेवर गेले, मी पुरणाचं बघत होते. कलकत्त्याला पंचवीस माणसं होती." मग सालींचा ढीग बाजूला सारत म्हणाल्या, "मला एकदा असं गाव बघायचंय जिथं आपलं कुणीसुद्धा नाही. यांना बोलू नको हं. यांना वाटेल, मला माणसं नकोत."

त्याच महिन्यात आमचं थायलंडला जायचं चाललं होतं. मुलीला समुद्र बघायचा होता, नवऱ्याला झोपायचं होतं, आणि मला कुणी 'आज काय करू?' असं विचारू नये एवढंच हवं होतं. नवरा केंद्र सरकारी नोकर, त्यामुळे परदेशी जायला ऑफिसची परवानगी लागते. ती यायला इतके दिवस लागले की तेवढ्यात माणूस पोहत गेला असता. ती आली, त्याच दिवशी काकू वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, "आम्हाला न्याल?"

काका मागेच उभे होते. त्यांना आधी खरं वाटेना. "अगं, समुद्रच बघायचाय तर रत्नागिरीला माझी मावसबहीण—"

"नको," काकू म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत काकूंनी त्यांच्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. काका पटकन म्हणाले, "मग थायलंड." मला माणूस एकदम आवडला. मी निशातगंजच्या एजंटाकडे जाऊन समुद्राला लागून असलेलं एक हॉटेल ठरवून आले. नाश्ता, जेवण, चहा सगळं त्यांच्याकडे. काकूंनी हात हलवायचा नाही. मी स्वतःवर फार खूश होते.

लखनौच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या जवानानं काकांची हातातली पिशवी बाजूला काढली. पिशवीतून प्रेशर कुकर निघाला.

"अंकल, ये क्या है?"

"बेटा, तीन लीटर का कुकर है. ठोक के देख लीजिए, आवाज़ एकदम साफ़ है."

"अंकल, समुंदर देखने जा रहे हैं कि भंडारा करने?"

रांगेतले सगळे हसले, काकाही हसले. कुकर परत काउंटरवर नेऊन मोठ्या सामानात टाकावा लागला. मी त्यात गुंतले आणि काकांचा आणखी एक छंद म्हणून सोडून दिलं. खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

बँकॉकला विमान बदलून, पुढे व्हॅननं, आम्ही मुक्कामाला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. समोर नारळ, पांढरी वाळू आणि त्यापलीकडे इतकं हिरवं पाणी की मुलगी चपला हातात घेऊन पळतच सुटली. पण ज्या इमारतीपुढे व्हॅन थांबली, ते माझं हॉटेल नव्हतं.

"मी बदलून घेतलं," काका म्हणाले. कुणाच्या तरी वाढदिवसाची भेट लपवून ठेवावी आणि आता उघडावी, तसा चेहरा झाला होता त्यांचा. "एजंटाला परस्पर फोन केला. हॉटेलात हिनं खायचं काय? सगळ्यात मासा घालतात म्हणे, चटणीतसुद्धा. उपाशी राहिली असती चार दिवस. म्हणून किचनवालं घर घेतलं. तुम्हाला शेजारचं."

काकूंनी दार उघडलं. आत पांढराशुभ्र ओटा, विजेची शेगडी, भांडी, सुऱ्या, सगळं मांडून ठेवलेलं. काकांनी बॅगेतून कुकर काढला. मग डाळ, गोडा मसाला, मेतकूट, लसणाची चटणी, आणि चार किलो तांदूळ. भाताच्या देशात हा माणूस लखनौहून तांदूळ घेऊन आला होता! काकूंनी शेगडीकडे बघितलं. मग एकदा माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचला.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. पण पहाटेपासून प्रवास झालेला, विमानातलं काही घशाखाली उतरलं नव्हतं, मुलगी भुकेनं कुरकुरत होती. अर्ध्या तासात कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि मुगाच्या खिचडीचा वास दोन्ही घरांत पसरला. मी दोनदा वाढून घेतली. वर तूप घेतलं. उद्यापासून बघू, असं स्वतःला सांगितलं.

उद्यापासून पोहे, मग आमटी-भात, मग थालीपीठ असं सुरू झालं. आम्ही पाण्यातून यायचो, अंगाला वाळू, पोटात कावळे, आणि ताटं तयार असायची. काका पहिला घास घ्यायचे आणि डोळे मिटायचे. "याला म्हणतात सुट्टी!" म्हणायचे. काकू सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा वाळूपर्यंत यायच्या, हात पुसत, आणि "शेगडीवर आहे गं" म्हणून परत जायच्या. मला ते दिसत होतं. दिसत असून मी आरामखुर्चीवर पडून राहिले. इतक्या वर्षांनी मला कुणी गरम वाढत होतं आणि ते मला सोडवत नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगी ओल्या अंगानं काकूंच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. "आजी, आप पानी में कब आओगी?"

"भाजी झाली की येते हं."

"रोज यही बोलती हो," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मम्मी, आजी ने तो कुछ देखा ही नहीं."

मी उठले ती तडक काकांना शोधत निघाले. ते होड्या लागायच्या लाकडी धक्क्यावर सापडले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्यात उभे राहून धक्क्याचे खांब ठोकत होते. दोन होडीवाले कौतुकानं बघत होते आणि काका त्यांना शुद्ध लखनवी हिंदीत सांगत होते, "भैया, ये तीसरे वाले जवाब दे रहे हैं. इनको बदलवा लीजिए." त्यांना कळत काही नव्हतं, पण तिसऱ्या खांबाकडे दोघं चिंतेनं बघायला लागले होते.

मी काही आडपडदा ठेवला नाही. "काका, काकूंना इथं आणलंत कशाला? ओटा लखनौलाही होता. तुम्हाला माहीत आहे का, त्यांना काय हवं होतं? त्या मला म्हणाल्या होत्या, जिथं आपलं कुणी नाही असं एक गाव बघायचंय. नर्मदा नाही पाहिली त्यांनी. कलकत्ता नाही पाहिलं. तुम्ही त्यांना जिथं नेलंत तिथं फक्त शेगडी पाहिली त्यांनी."

काकांची हातोडी हातातच राहिली.

"ती असं म्हणाली?"

"हो."

"तुला म्हणाली?" त्यांनी हातोडी खिशात टाकली. "मला नाही कधी म्हणाली."

"तुम्ही विचारलंत कधी?"

हे मी फार तिखट बोलले. त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळलंच. धक्क्याच्या पायरीवर बसत ते म्हणाले, "लाईनवर असायचो ना मी. पंधरा-पंधरा दिवस. कुठल्या तरी स्टेशनावर थंडगार पुरी-भाजी खायची आणि दिवस मोजायचे. घरी गेलो की ही ताट वाढायची. माझी सुट्टी तिथनं सुरू व्हायची, बघ. मला वाटायचं, जे मला सुख वाटतं ते तिलाही वाटत असणार. ती वाढताना हसायची की गं." मग स्वतःशीच म्हणाले, "एवढे पूल ठोकले."

उठले, आणि खोलीकडे चालू लागले. मी मागोमाग. काकू भेंडी परतत होत्या. काकांनी शेगडीचं बटण बंद केलं, प्लग काढला, वही काढली आणि मोठ्या अक्षरात लिहून ओट्याच्या वर कागद चिकटवला, 'ब्लॉक. पुढील सूचना मिळेपर्यंत या मार्गावर वाहतूक बंद.' पुलाचं काम निघालं की रेल्वेत गाड्या थांबवून असा ब्लॉक घेतात.

"अहो, भेंडी कच्ची आहे!" काकू म्हणाल्या.

"राहू दे कच्ची."

"झालं काय तुम्हाला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, आणि काकूंना सगळं समजलं. त्यांनी मला हाताला धरून बाहेरच्या गॅलरीत नेलं. त्या चिडल्या होत्या. काकूंना चिडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"तुला मी विश्वासानं सांगितलं होतं."

"काकू, मला बघवेना."

"तीन दिवस बघवलं की," काकू म्हणाल्या. "काल दुसऱ्यांदा आमटी घेतलीस तेव्हा बघवत होतं ना? मला त्यांचा राग नाही आला. त्यांना ठाऊकच नव्हतं. तुला ठाऊक होतं."

मान खाली घालून उभी राहिले. इतकी शरम मला आयुष्यात फार कमी वेळा वाटली आहे. काकू जरा वेळानं मऊ झाल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि "चल, दाखव तुझा समुद्र," म्हणाल्या. पण बोललेलं त्यांनी मागे घेतलं नाही, आणि ते बरंच केलं.

आराम करायचा म्हणजे काय करायचं, हे काकूंना येत नव्हतं. आरामखुर्चीच्या टोकावर त्या बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून, गाडीची वाट बघत फलाटावर बसावं तशा. पाच मिनिटांनी मुलीचा टॉवेल घडी घालून ठेवला. मग माझा. मग शेजारच्या एका गोऱ्या बाईचाही घातला असता, मी अडवलं. काका दुपारचं जेवण आणायला गेले होते. ते परत आले ते केळी, उकडलेली कणसं आणि नारळाच्या दुधातला चिकट भात घेऊन. काकूंनी भात तोंडात घातला, चघळला, आणि म्हणाल्या, "मीठ नाही याला." काका घाबरून बघत होते. काकूंनी दुसरा घास घेतला. सगळा भात संपवला आणि कणीस मागितलं.

त्यानंतर त्या उठल्या, चपला काढल्या, चष्मा काढून काकांच्या हातात दिला आणि पाण्यात चालत गेल्या. साडी फुग्यासारखी वर आली, ती दोन्ही हातांनी दाबत त्या गुडघाभर पाण्यात फतकल मारून बसल्या. लाट यायची, त्यांना हातभर मागे ढकलायची, लाट परतताना पुन्हा पुढे ओढून न्यायची. सुरुवातीला त्या वाळूत बोटं रुतवून धरू बघायच्या, मग त्यांनी हात सोडले. मुलगी ओरडत आली, "मम्मी देखो, आजी हँस रही है!"

काका काठावर उभे होते. एका हातात चपला, दुसऱ्या हातात चष्मा. तास होऊन गेला. ऊन डोक्यावर होतं. मी म्हटलं, "काका, सावलीत बसा की."

"नको," ते म्हणाले. "बाहेर येईल तेव्हा तिला चष्मा लागेल. दिसत नाही तिला."

कितीतरी वेळ तो माणूस तसाच उभा होता. काही ठोकलं नाही, काही दुरुस्त केलं नाही, कुणाला काही समजावून सांगितलं नाही. मी त्यांना त्यापूर्वी असं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला निघायचं होतं. सकाळी बॅगा भरून व्हॅनपाशी आलो तर काकू बॅग घेऊन तयार, पण काका नुसत्या हातांनी उभे.

"तुम्ही व्हा पुढं," काका म्हणाले. "आमची तिकिटं मी पुढं ढकलली."

हे काकूंनाही नवीन होतं. "म्हणजे? किती दिवस?"

"अजून चार."

"चार दिवस? आणि करायचं काय?"

"बघू," काका म्हणाले. महिनाभर आधी टाकी धुण्याची वेळ ठरवणारा हा माणूस 'बघू' म्हणाला. व्हॅन वळली तेव्हा मी मागे पाहिलं. दोघं नारळाखाली उभे होते, आणि आम्ही गेल्यावर नेमकं कुठं जायचं ते दोघांनाही माहीत नसावं.

चार दिवसांनी ते लखनौला आले. मी त्या दिवशी त्यांचा स्वयंपाक करून ठेवला होता, साधाच, पिठलं आणि पोळ्या. ताटं घेऊन खाली गेले. दोघंही चांगलेच काळवंडले होते. काकू पाय वर घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, आणि मला फार बरं वाटलं. काका निशातगंजला कोथिंबीर आणायला गेले तरी आल्यावर वीस मिनिटं हकीकत सांगायचे. तेव्हा मी ऐकायच्या तयारीनंच विचारलं, "मग काका, काय काय केलंत चार दिवस?"

काकांनी सांगायला तोंड उघडलं. थांबले. आठवून बघितलं. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं, बराच वेळ.

"काही नाही केलं," ते म्हणाले.

आणि काकू त्यांच्याकडे बघून अशा काही हसल्या, की मी ताटं तिथंच टेबलावर ठेवली आणि हळूच दार ओढून वर निघून आले.